करणाऱ्याचा वाटा

बहिणाबाई चौधरींची गोष्ट आपण नेहमी शेवटाकडून सांगतो. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. मुलगा सोपानदेव, जो स्वतः नावाजलेला कवी होता, आईच्या गाण्यांची वही घेऊन आचार्य अत्र्यांकडे गेला. अत्रे थक्क झाले, हे महाराष्ट्रासमोर यायलाच हवं म्हणाले, आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं. मग पाठ्यपुस्तकं, आकाशवाणी, चित्रपट, आणि २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव. शाळेत ही गोष्ट सांगताना बाई हटकून हळहळायच्या, आणि वर्गही हळहळायचा: अरेरे, बिचारीला हयातीत काही म्हणजे काही मिळालं नाही.

ही हळहळ मला पटत नाही. वाचकांचं नुकसान झालं, हे खरं. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी जे टिपून ठेवलं तेवढं उरलं, बाकीचं हवेत गेलं. पण 'बिचारीला काही मिळालं नाही' हे कशावरून? १८८० साली जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेली मुलगी, तेराव्या वर्षी लग्न, ऐन तिशीत वैधव्य, पदरात तीन लेकरं, मोठ्या खटल्याच्या घरातली आणि शेतातली न संपणारी कामं. या सगळ्यातून ती सुगरणीच्या खोप्याकडे बघते, मोट हाकणाऱ्याकडे बघते, पेरलेल्या जमिनीकडे आणि स्वतःच्या मनाकडे बघते, आणि गाणं जुळवते. कुणी मागितलेलं नसतं. मासिकाला पाठवायचं नसतं. जुळलेलं बरं की वाईट, हे सांगणाराही कुणी नसतो. तरी वर्षानुवर्षं ती जुळवत राहते, आणि शब्दही सैल पडू देत नाही. कशासाठी? माझं उत्तर असं, की गाणं जुळताना जे मिळायचं ते तिला तिथल्या तिथे, पुरतं मिळत होतं. अत्रे आले ते आपला वाटा घेऊन आले. तिचा तिला केव्हाच पोचला होता.

या लेखासाठी काही माणसांना भेटले, काही जुनं नव्याने वाचलं, ते सगळं या एका वाट्याच्या शोधात. स्वतःसाठी म्हणून काही घडवणाऱ्या माणसाला नेमकं काय मिळतं?

सुरुवात जात्यापासूनच करायला हवी, कारण महाराष्ट्रात स्वतःसाठी केलेल्या कवितेचा याहून मोठा कारखाना दुसरा झाला नाही. ज्यांनी जातं फक्त लग्नाच्या हळदीत पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं तपशिलात सांगते. दगडाच्या दोन जाड तबकड्या. खालची जागची हलत नाही. तिच्या मधोमध खुंटी. वरचीच्या मधे भोक, ते जात्याचं तोंड. कडेला लाकडी खुंटा, म्हणजे मूठ. डाव्या हाताने तोंडात मूठभर जोंधळे सोडायचे, उजव्याने खुंटा ओढायचा. उजवा हात भरून आला की डावा. समोर जाऊ किंवा नणंद बसली तर एकाच खुंट्याला दोघींचे हात, एकीने ढकलायचं, दुसरीने ओढायचं. भाकरीपुरतं पीठ पडायला मोठ्या घरात पहाटेचे दोन-दोन तास जायचे. कोंबडं आरवायच्या आधी उठायचं, कारण नंतर पाणी, शेण, न्याहारी आणि रान.

या कामात तीन गोष्टी आपोआप जमून येत होत्या. एक, ताल. दगडाच्या एका फेऱ्याला ठरावीक वेळ लागतो, आणि तो वेळच ओवीच्या चरणाला माप देतो. दुसरी, आडोसा. जात्याच्या घरघरीत शब्द बुडून जातात. पलीकडच्या खोलीत सासरा झोपलाय, पण सून काय म्हणतेय ते त्याला नीट कळत नाही. तिसरी, दिवसातला तो एकच वेळ जेव्हा तिला हाक मारणारं कुणी जागं नसतं. त्यामुळे जे कुठेच बोलता येत नव्हतं ते तिथे बोललं गेलं. भाऊ मुराळी होऊन आला नाही याचा राग, नवऱ्याचा मार, सवतीचं दुःख, लेकीला लांब दिल्याची काळजी, सीतेच्या वनवासाची स्वतःच्या वनवासाशी घातलेली सांगड, पंढरपूरच्या वाटेची ओढ. पुढे दलित वस्त्यांमधल्या जात्यांवर बाबासाहेबही आले.

पण मला जास्त मोलाची वाटते ती घडणीची रीत. ओवीची पहिली ओळ बहुतेकदा आईकडून, आजीकडून आलेली असते, साऱ्या गावाची असते. दुसऱ्या ओळीत बाई आपलं काही घालते. भावाचं नाव, गावाची खूण, कालच घडलेला प्रसंग. कधी एकच शब्द बदलते आणि ओवीचं तोंडच फिरवते. हा शब्द बसला की नाही, हे तिला कुणाला विचारावं लागत नाही. दगडाच्या फेऱ्यात ओळ पुरी मावली तर बसला, अडखळली तर पुढच्या फेऱ्याला दुसरा घालून बघायचा. म्हणजे चूक करायला मुभा, सुधारायला लगेच संधी आणि मधे परीक्षक कुणी नाही. जात्यावर बसलं की ओवी सुचते असं आपण म्हणतो, ते कामाला लागलं की वाट सापडते या अर्थाने. मला त्यात शब्दशः वर्णन दिसतं: सुचणं हे हाताच्या कामातून येत होतं.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ हे दोघे आणि त्यांचे पुण्याच्या संस्थेतले सहकारी गावोगाव फिरून या ओव्या गोळा करू लागले, तेव्हा यातलं किती काही पसरलेलं आहे याचा अंदाज कुणालाच नव्हता. बायकांच्या तोंडून ऐकून कागदावर उतरवलेल्या ओव्या एक लाखाच्या पुढे गेल्या. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बायका. पुढे बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली, आणि २०१७ पासून 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने हा खजिना लोकांसमोर आणायला सुरुवात केली. एक लाख हा आकडा वाचून मी बराच वेळ थांबले होते. इतकी कविता, आणि करणारीच्या मनात 'मी कवी आहे' हा विचारही नाही.

इथे एक सावधपणा हवा. दळण हे कष्टाचं काम होतं. गरोदरपणी, तापात, उपाशीपोटीही ते चुकत नव्हतं. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो त्यांचा हक्कच होता. जातं परत आणा असं म्हणण्याचा अधिकार कुठल्याही लेखकाला नाही. बहिणाबाईंचं निरक्षर राहणं हेही काही वरदान नव्हतं. मी एवढंच म्हणते की त्या कष्टात या बायकांनी स्वतःच्या मालकीची एक जागा काढली, आणि ती जागा त्यांना कुणी दिलेली नव्हती. गिरणीने कष्ट नेले ते बरं झालं. पण गिरणीच्या रांगेत ओवी सुचत नाही, आणि ती जागा नंतर कुठे गेली, हा प्रश्न मला सोडत नाही.

काही अंशी ती सुईदोऱ्यात गेली असावी, किंवा तिथे आधीपासूनच होती. उन्हाळ्यात, रानातली कामं उरकल्यावर, साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या एका गावात एका मावशींच्या सोप्यात मी वाकळ शिवताना बघत बसले होते. पुण्या-मुंबईत जिला गोधडी म्हणतात तीच. मावशींचं वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. जमिनीवर जुनं नऊवारी पसरलेलं, चारी कोपऱ्यांवर पाट्याचा वरवंटा, तांब्या, अडकित्त्याची पेटी आणि एक वीट, म्हणजे कापड सरकू नये. त्यावर आतला थर: फाटलेली धोतरं, नातवाचे शाळेचे शर्ट, उशांचे अभ्रे, ब्लाउजचे तुकडे. या थरावर पुन्हा वरून लुगडं येणार आणि मग कडेकडेने आत-आत जात धावदोरा पडणार. वाकळ एकदा शिवून झाली की आतला थर दिसत नाही, फाटेपर्यंत नाही.

आणि मावशी त्या आतल्या थरात रंग जुळवत होत्या. एक जांभळा तुकडा होता, बहुधा कुणाच्या तरी परकराचा. तो त्यांनी आधी राखाडी शर्टाशेजारी ठेवला. मागे सरून पाहिलं. उचलला, हिरव्या खणाच्या तुकड्याला लावला. पुन्हा पाहिलं. मग हिरव्याचा काठ उलटा करून जांभळ्याच्या पोटाशी आणला, आणि तोंडाने 'हां' म्हणून टाका घातला. हे करताना त्यांची मान एका बाजूला कललेली असायची, ओठ किंचित पुढे, आणि अंगठ्याच्या घट्ट्यावर सुईचं टोक टेकवून ठेवलेलं. एका तुकड्याला इतका वेळ.

मी न राहवून विचारलं, "मावशी, हे तर सगळं आत जाणार. वरनं लुगडं येणार. मग एवढं जुळवताय कशाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी काहीतरी अगदीच कच्चं विचारल्यासारखं. "आत गेलं म्हून काय झालं? लावताना तर मला दिसतंय न्हवं."

या विषयावर मी जे जे वाचलं त्यात या उत्तराच्या जवळ जाणारं काही मला सापडलं नाही. लावताना मला दिसतंय. बघणारी एक आहे, आणि तीच करणारी आहे, आणि तिला बघायला मिळतंय एवढ्यावर सगळं काम उभं आहे. पुढे ती वाकळ कुणाच्या तरी अंगावर जाणार, धुवायला ओढ्यावर जाणार, विरणार. त्या जांभळ्या-हिरव्याचा मान मात्र त्याच दुपारी झालेला असणार.

मावशी विकायच्या गोधड्याही शिवतात. तालुक्याच्या गावातून एकजण कापड आणून देतो, माप देतो, नक्षीचा कागद देतो, आणि झालेली गोधडी पुण्याला जाते. पैसे येतात, त्या पैशाने नातीची फी भरली गेली, आणि हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता. मीही तो तसाच लिहिते, कारण हाताच्या कामाला पैसे मिळणं ही चांगली गोष्ट आहे. कला पैशाने बाटते असं म्हणणाऱ्यांना सहसा पैशाची अडचण नसते. फक्त दोन्हींमधला फरक मावशींनीच मला दाखवला. "ती त्यांची," त्या म्हणाल्या. विकायच्या गोधडीत टाके पट्टीने आखल्यासारखे सरळ होते, कोपरे बिनचूक होते, आणि आतला थर सरसकट पांढरा. त्यात जांभळा-हिरवा जुळवायला त्यांना कुणी मनाई केली नव्हती. त्यांना ते सुचलंच नव्हतं.

हे न सुचणं का होतं, याचा एक माग मला मानसशास्त्रातल्या एका जुन्या प्रयोगात लागतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकन संशोधकांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तो केला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या मुलांना मुळातच चित्रं काढायची हौस आहे अशीच मुलं निवडली, तीन ते पाच वर्षांची. त्यांचे तीन गट. पहिल्या गटाला आधीच सांगितलं: चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला काही सांगितलं नाही, पण चित्र झाल्यावर अचानक तेच प्रशस्तिपत्र दिलं. तिसऱ्याला ना सांगितलं ना दिलं. मग आठवडा-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेन नुसते ठेवून दिले, बक्षिसाचं नाव नाही, आणि कोण किती वेळ चित्रं काढतं ते काचेआडून पाहिलं. बक्षिसाच्या बोलीवर काढलेल्या मुलांचा वेळ बाकीच्यांच्या जवळपास निम्म्यावर आला होता. अचानक बक्षीस मिळालेल्यांची हौस मात्र शाबूत होती.

बक्षीस दोन्ही गटांना सारखंच मिळालं, म्हणजे दोष त्याचा नव्हता. ते मिळेल म्हणून आधीच त्याच्याकडे लागलेले डोळे चित्रावरून उठले आणि पुन्हा तितके बसले नाहीत.

दिवाळीच्या दिवसांत याचा पडताळा आपल्या अंगणातच मिळतो. विटा, दगड, गोणपाट, वर लाल मातीचा चिखल, उतारावर टाकलेले अळीव, वरच्या टोकाला सिंहासनावर महाराज आणि पायऱ्यांवर आकाराने महाराजांपेक्षा मोठे झालेले मावळे. किल्ला ही आपल्याकडच्या मुलांची सगळ्यात मोकळी कला आहे. भाऊबिजेनंतर तो मोडायचाच असतो, तरी बुरुज कुठे घ्यायचा यावरून भांडणं होतात. हल्ली ठिकठिकाणी किल्ल्यांच्या स्पर्धा भरतात. त्यांनी मुलं इतिहासाची पुस्तकं उघडू लागली, खऱ्या गडावर जाऊन माची, बालेकिल्ला, तटबंदी बघून येऊ लागली, हे मी पाहिलंय आणि ते मला आवडतं. पण स्पर्धेत उतरलेल्या सोसायटीत शेवटच्या दोन दिवसांत आई-बाबा हातात ब्रश घेऊन बसतात आणि मुलं माहितीफलक पाठ करतात, हेही पाहिलंय. परीक्षक येऊन गेल्यावर त्या किल्ल्याशी कुणी खेळत नाही. शेजारच्या चाळीतला बिनस्पर्धेचा किल्ला मात्र रोज बदलतो: आज तळं, उद्या तळ्यात प्लॅस्टिकचा डायनासोर, परवा डायनासोरवर मावळ्यांचा हल्ला. पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: स्पर्धेत जरूर उतरा, पण एखादं वर्ष तरी मुलांना किल्ला त्यांचा त्यांना करू द्या, आणि आपण लांब उभं राहा.

बक्षीस अचानक मिळालेल्या मोठ्या माणसाचं काय होतं, हे पाहायचं तर चंडीगढला जावं. नेकचंद सैनी यांचा जन्म १९२४ चा, आज पाकिस्तानात असलेल्या शकरगढ भागातला. फाळणीत गाव सुटलं. ल कॉर्ब्युझिएने आखलेलं नवं चंडीगढ उभं राहत होतं. नेकचंद तिथे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक म्हणून लागले. नव्या शहरासाठी जुनी गावं पाडली गेली होती, आणि त्यांचं जे उरलं, म्हणजे फुटक्या फरश्या, तुटक्या बांगड्या, चिनीमातीच्या बशा, ते ढिगांनी पडलं होतं. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून हा माणूस नोकरीवरून सुटला की सायकलवर ते गोळा करायचा आणि सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलातल्या एका घळीत न्यायचा. तिथे बांधकामाला बंदी. म्हणून काम लपून, रात्री, टायर पेटवून त्या उजेडात. सिमेंटच्या अंगावर बांगड्यांचे तुकडे बसवून त्याने माणसं, माकडं, मोर, नर्तकी उभ्या केल्या, शेकड्यांनी.

जवळपास अठरा वर्षं हे बाहेर फुटलं नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्याला सरकारी लोकांना ते सापडलं तेव्हा बारा-तेरा एकर व्यापले गेले होते. कायद्याने सगळं पाडायला हवं होतं. पण शहरातल्या लोकांनी ते पाहिलं आणि पाडू दिलं नाही. १९७६ मध्ये रॉक गार्डन म्हणून ते खुलं झालं, नेकचंद यांना तिथेच पगारी पद आणि हाताखाली पन्नास मजूर मिळाले, १९८४ मध्ये पद्मश्री. २०१५ मध्ये वारले तोवर ते बाग वाढवत राहिले. बालवाडीतल्या दुसऱ्या गटासारखंच: बक्षीस आलं ते न मागता, उशिरा, आणि त्याने हौस खाल्ली नाही.

मी तिथे गेले तेव्हा मोठे धबधबे आणि कमानी असलेला नंतरचा भाग गर्दीने भरला होता. गर्दी ओलांडून पुढे गेल्यावर जुन्या भागातल्या मूर्तींच्या रांगा लागतात. त्यातल्या एका बाईच्या घागऱ्यावर बांगड्यांचे तुकडे बसवलेत: पोपटी, लाल, पोपटी, लाल, आणि मग एकदम तीन निळे, आणि पुन्हा पोपटी. त्या रात्री निळ्या बांगड्या हाताशी आल्या असतील, किंवा त्याला तसं हवं असेल. कुणी विचारणार नव्हतं, त्यामुळे कारण देण्याचीही गरज नव्हती. त्या तीन निळ्या तुकड्यांपाशी मला साताऱ्याच्या मावशींचं 'हां' ऐकू आलं.

शिकागोतल्या व्हिव्हियन मायरने याच वाटेवर आणखी पुढचं टोक गाठलं. पोटासाठी ती श्रीमंत घरांतली मुलं सांभाळायची, आणि गळ्यात रॉलिफ्लेक्स कॅमेरा अडकवून रस्त्यावरचे फोटो काढायची. २००७ मध्ये भाडं थकल्यामुळे तिच्या सामानाच्या गाळ्याचा लिलाव झाला आणि पेट्या उघडल्या, तेव्हा एक लाखाहून अधिक निगेटिव्ह निघाल्या. त्यांत शेकडो रोल तिने कधी धुवूनही घेतले नव्हते. म्हणजे ते फोटो तिने स्वतःही पाहिले नाहीत. दोन वर्षांनी ती वारली. आज तिची प्रदर्शनं जगभर भरतात. तिने न दाखवलेलं आपण पाहावं का, हा प्रश्न मला खरोखर अवघड वाटतो आणि तो सोडवल्याचा आव मी आणणार नाही. पण न धुतलेल्या रोलबद्दल विचार करताना मला वाटतं, तिचा वाटा बटण दाबण्याच्या क्षणात होता: उभं कुठे राहायचं, चौकटीत काय घ्यायचं, कुठल्या सेकंदाला थांबायचं. ते तिने त्या क्षणी ठरवलं होतं. कागदावरचा फोटो ही त्याची पावती, आणि पावती तिने मागितली नाही.

इतकं एकटं मात्र सगळ्यांनाच जमत नाही आणि सगळ्यांना ते हवंही नसतं. स्वतःसाठी करणं म्हणजे दार लावून बसणं असा अर्थ मी घेत नाही. जात्यावर दोघी असायच्या. आणि आज मुंबईत, कामावर जाणाऱ्या बायकांकडे स्वतःचा असा वेळ नेमका कुठे उरलाय हे शोधायला गेले, तर तो मला लोकल गाडीत सापडला.

बदलापूरहून सकाळी सुटणाऱ्या एका जलद लोकलच्या महिला डब्यात भजन चालतं. पुरुषांच्या डब्यातली भजनी मंडळं अनेकांना ठाऊक असतात, बायकांचीही आहेत. या मंडळात बँकेतल्या आहेत, मंत्रालयातल्या आहेत, एका कारखान्याच्या हिशेब खात्यातल्या आहेत, एकजण नर्स आहे आणि तिची रात्रपाळी असली की ती उलट्या दिशेने जात असते. पर्समध्ये डबा, छत्री आणि टाळ. मृदंग नाही, खिडकीखालच्या पत्र्यावर एका ताईंची बोटं ठेका धरतात आणि ती इतकी तयार झाली आहेत की बोल सुटे ऐकू येतात. अंबरनाथ सुटलं की रामकृष्णहरीचा गजर. मग रूपाचे अभंग. ठाण्यापर्यंत गौळण. दादर जवळ आलं की भैरवी, कारण दादरला अर्ध्याजणी उतरतात.

चाली बहुतेक त्यांच्या स्वतःच्या आहेत, आणि हे मला आधी माहीत नव्हतं. हिशेब खात्यातल्या ताई चाल लावतात. "रात्री भांडी घासताना येते ओठावर," त्या म्हणाल्या. "सकाळी इथे घालून बघते. कळवा-मुंब्र्याच्या बोगद्यात आवाज घुमतो ना, तिथे वरचा सूर ठेवायचा. तिथे चढवलं की मग काय विचारता!" म्हणजे गाडीच्या वाटेवर बसवलेली चाल. ती दुसऱ्या कुठल्या मंचावर म्हटली तर बोगदा कुठून आणणार?

मध्यंतरी डब्यातल्याच एका मुलीने भजनाचा व्हिडिओ काढून टाकला. तो खूप पाहिला गेला. ओळखीच्यांचे फोन आले, घरच्यांनी कौतुक केलं, सगळ्यांना बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात कुणी म्हणालं की मागच्या वेळी चाललेलंच पुन्हा घेऊ, ते लोकांना आवडलंय. कुणी म्हणालं, साड्या एका रंगाच्या नेसू. एकजण मोबाइल धरणार म्हणून तिचे टाळ बंद. पत्र्यावर ठेका धरणाऱ्या ताईंनी तीन-चार दिवस बघितलं आणि मग सांगितलं की फोन पर्समध्ये राहतील, दादर येईपर्यंत. थोडी कुरबूर झाली. एकजण दोन दिवस डबा बदलून बसली आणि परत आली. मुलीचा व्हिडिओ अजून आहे. तो काढून टाक असं तिला कुणी म्हटलेलं नाही, आणि तीही आता टाळ शिकतेय.

मी त्यांच्याबरोबर गेले त्या दिवशी नवी चाल घातली जात होती. पहिल्या खेपेला बोगदा येऊन गेला आणि वरचा सूर मागेच राहिला. सगळ्या हसल्या. ताई म्हणाल्या, उद्या कल्याणला एक कडवं कमी करू, म्हणजे वेळेत पोचू. त्यावर नर्सबाईंचं मत पडलं की कडवं कमी करण्यापेक्षा गजर लवकर आवरावा. बँकेतल्या दोघींना तेही पटेना. गजराशिवाय अंगात येत नाही असं त्यांचं म्हणणं. घाटकोपर गेलं, कुर्ला गेलं, तरी ते मिटलं नव्हतं. दादरला उतरताना मी विचारलं, की परत ऐकायला यायचं तर कुठून चढू? "डोंबिवलीच्या आधी चढा," ताई म्हणाल्या, "डोंबिवलीनंतर दारातसुद्धा उभं राहायला मिळत नाही. आणि टाळ घेऊन या."